ठेक्याचा सातबारा

'अपटाउन फंक' चोरीचं आहे की नाही, यावर दहा वर्षं भांडण चालू आहे, आणि ते दर वेळी एकाच जागी येऊन रुतून बसतं. कुणीतरी गॅप बँड या अमेरिकी बँडचं १९७९ चं 'ऊप्स अप साइड युअर हेड' आणि निर्माता मार्क रॉन्सन व गायक ब्रुनो मार्स यांचं २०१४ चं 'अपटाउन फंक' एकापाठोपाठ ऐकवतं. ऐकणारा मान डोलावतो आणि निकाल लागतो : ढापलंय! मग दुसरा गट सरसावतो. फंक (कृष्णवर्णीय अमेरिकनांचं ठेक्यावर चालणारं नाचरं संगीत) असंच असतं, तुम्हाला संगीतातलं कळत नाही, वगैरे. मला दोन्ही गटांची घाई खटकते. माझं मत आधीच सांगतो. हे गाणं चोरी नाही, आणि एखादा ठेका किंवा धाटणी कायद्याने कुणाच्या नावावर चढवणं घातक आहे. पण 'चोरी नाही' एवढं म्हणून हात झटकता येत नाहीत. ज्यांनी हा बाज घडवला त्यांचं देणं खरोखर थकलेलं आहे. ते कॉपीराइटच्या दाव्यांनी फिटत नाही, कारण दाव्यातला पैसा बहुतेक वेळा भलत्याच खिशात जातो.

गाण्याचं यश सांगायला फार शब्द नकोत. नोव्हेंबर २०१४ मध्ये ते आलं. जानेवारी २०१५ पासून अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, फेब्रुवारी २०१६ मध्ये 'रेकॉर्ड ऑफ द इयर'चा ग्रॅमी मिळाला, आणि पुढे बिलबोर्डच्या दशकाच्या यादीतही तेच अव्वल ठरलं. आपल्याकडे संगीत रात्रीत मामा-मावश्या त्यावर नाचल्या, तिकडे वृद्धाश्रमातले आजी-आजोबा. जुन्या हॉलिवूडपटांतले नाच कापून या गाण्यावर बसवलेली एक चित्रफीत २०१५ मध्ये खूप फिरली. ती या वादात कुणी पुरावा म्हणून काढत नाही, याचं मला नवल वाटतं. गाणं जन्मायच्या साठ-सत्तर वर्षं आधी नाचून गेलेल्या लोकांची पावलं त्याच्या समेवर चपखल बसतात. ठेका ही वस्तू किती जुनी आणि किती सामाईक आहे, हे यापेक्षा सोप्या रीतीने कसं दाखवणार?

गाण्याच्या आत काय आहे, हे थोडं जवळून ऐकू. मिनिटाला ११५ ठोके. जवळजवळ सगळं गाणं डी मायनर सेव्हन आणि जी सेव्हन या दोनच कॉर्डवर झुलत राहतं. सुरुवातीला जो बेस गिटारसारखा खालचा 'डो-डो' येतो, तो माणसाच्या गळ्यातला आहे. मुखडा-अंतरा अशी आपल्या सवयीची चाल शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. मार्स अर्धं बोलतो, अर्धं गातो, मध्येच ललकारी देतो, आणि त्या ललकारीला ब्रास, म्हणजे ट्रंपेटसारखी फुंकवाद्यं, उत्तर देतं. हे ब्रास ब्रुकलिनच्या डॅप-किंग्ज आणि अँटिबालास या बँडमधल्या वादकांनी वाजवलंय (ही माणसं लक्षात ठेवा, शेवटी त्यांच्याकडे यायचं आहे). पहिलं बीज लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत पडलं : मार्स ड्रमवर, जेफ भास्कर कीबोर्डवर, रॉन्सन बेसवर. पुढे महिनोन् महिने वेगवेगळ्या शहरांत घासाघीस चालली. गिटारचा एक तुकडा मनासारखा उतरेना, त्या ताणाने आपण चक्कर येऊन पडलो, असं रॉन्सनने स्वतः सांगितलं आहे. अर्थात मेहनतीचा दाखला मी बचाव म्हणून देणार नाही. मेहनतीने केलेली चोरीही चोरीच असते.

आता तो प्रसिद्ध हिशेब. गाणं आलं तेव्हा चार मुख्य गीतकार होते : रॉन्सन, मार्स, भास्कर आणि फिलिप लॉरेन्स. त्यांच्यासोबत अटलांटाचा रॅपर ट्रिनिडाड जेम्स आणि त्याचा निर्माता डेव्हन गॅलस्पी यांचीही नावं होती, कारण 'डोन्ट बिलीव्ह मी, जस्ट वॉच' ही ओळ जेम्सच्या २०१२ च्या 'ऑल गोल्ड एव्हरीथिंग'मधून उचललेली होती. त्या दोघांना १५ टक्के मिळाले, उरलेले ८५ चौघांत. फेब्रुवारी २०१५ मध्ये गॅप बँडच्या गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या माइंडर म्युझिक या प्रकाशकाने यूट्यूबच्या हक्क-नोंदणीत आपला दावा टाकला. एका गाण्यावर शंभर टक्क्यांहून जास्त हक्क सांगितले गेले, की यूट्यूब प्रकाशकांचे पैसे रोखून धरतं. तसंच झालं. एप्रिलच्या अखेरीला तडजोड झाली. ८५ चे चार भाग होते, ते पाच झाले. पाचवा १७ टक्क्यांचा भाग गॅप बँडचे तिघे विल्सन भाऊ, रुडॉल्फ टेलर आणि निर्माता लॉनी सिमन्स यांच्यात वाटला गेला, म्हणजे प्रत्येकी ३.४ टक्के. गीतकारांची संख्या अकरा झाली. 'बघा, कबूल केलं की नाही!' असं म्हणणारे एक गोष्ट सांगत नाहीत. हे गाणं गॅप बँडची नक्कल आहे असं कुठल्याही न्यायालयाने म्हटलेलं नाही. तडजोड आणि कबुली या वेगळ्या गोष्टी आहेत, हे भाऊबंदकीचे खटले पाहिलेल्या माणसांना तरी समजावून सांगायला नको.

ही तडजोड त्याच वेळी का झाली, हे तारखा पाहिल्या की कळतं. १० मार्च २०१५ रोजी लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने 'ब्लर्ड लाइन्स' या गाण्याच्या खटल्यात ते करणाऱ्या रॉबिन थिक आणि फॅरेल विल्यम्स यांना दिवंगत गायक मार्विन गे याच्या वारसांना सुमारे ७४ लाख डॉलर द्यायला सांगितले. (पुढे ती रक्कम ५३ लाखांवर आली.) मूळ गाणं गेचं १९७७ चं 'गॉट टू गिव्ह इट अप'. त्या काळच्या कायद्याप्रमाणे संरक्षण फक्त कॉपीराइट कचेरीत जमा केलेल्या स्वरलिपीला होतं, म्हणून मूळ रेकॉर्ड ज्यूरीला ऐकवायलाही मनाई होती. कागदावरचे स्वर तर जुळत नव्हते. जुळत होतं ते वातावरण : पार्टीतला गलका, घंटेसारखी तालवाद्यं, बेसची ठेवण. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी निकाल कायम ठेवला. न्यायमूर्ती जॅकलिन वेन यांनी असहमतीच्या निकालपत्रात स्पष्ट इशारा दिला, की आजवर कुणाला न साधलेली गोष्ट इथे घडते आहे, संगीताच्या शैलीलाच कॉपीराइट मिळतो आहे. त्या मार्चपासून अमेरिकेतल्या प्रत्येक रेकॉर्ड कंपनीच्या वकिलाची झोप उडाली. 'अपटाउन फंक'चे १७ टक्के या भीतीच्या वातावरणात दिले गेले.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा. तो संगीताचा नाही, इतिहासाचा आहे. गॅप बँड ओक्लाहोमातल्या तुलसा शहरातला. नावातली तीन अक्षरं म्हणजे ग्रीनवुड, आर्चर आणि पाइन हे तीन रस्ते. हाच तो ग्रीनवुडचा भाग, कृष्णवर्णीयांच्या भरभराटीला आलेल्या व्यापारपेठेचा, जो १९२१ मध्ये गोऱ्या जमावाने जाळून टाकला. त्या रस्त्यांवर वाढलेल्या भावांच्या बँडसारखं वाजणारं गाणं लंडनमध्ये जन्मलेला, न्यूयॉर्कच्या सुखवस्तू घरात वाढलेला गोरा निर्माता करतो आणि जग जिंकतो. यात कुणाला जुना डाव दिसला तर त्याला वेड्यात काढता येईल का? कृष्णवर्णीय लिटल रिचर्डचं 'टूटी फ्रूटी' गोऱ्या पॅट बूनने गुळगुळीत करून गायलं आणि १९५६ मध्ये मूळ गाण्याच्या वर नेऊन बसवलं. असे प्रसंग अपवाद नव्हते, धंद्याची ती रीतच होती. २०१८ मध्ये ब्रुनो मार्सवर सांस्कृतिक उचलेगिरीचा आरोप झाला तेव्हा त्यामागे ही सगळी जखम होती. मार्स हवाईतला. आई फिलिपिनो, वडील पोर्तो रिकन आणि ज्यू वंशाचे. तो कृष्णवर्णीय नाही, आणि त्याची सगळी कमाई कृष्णवर्णीयांच्या संगीतावर उभी आहे. हे सगळं खरं आहे.

तरीही बून आणि मार्स यांना एका ओळीत बसवणं मला पटत नाही. बूनने मूळ गाणाऱ्याला झाकलं. मार्सने २०१७ च्या एका मुलाखतीत रॉक, जॅझ, फंक, हिप हॉप हे सगळं कृष्णवर्णीयांनी निर्माण केलं, असं स्वच्छ सांगितलं होतं. आणि २०१८ च्या वादात त्याची बाजू जाहीरपणे घेतली ती चार्ली विल्सनने, म्हणजे गॅप बँडच्याच मुख्य गायकाने. टक्केवारी मिळाल्यावर बोलायला काय जातं, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. पण १९९६ मध्ये स्नूप डॉगने 'ऊप्स'वरून गाणं केलं तेव्हाही विल्सन त्यात गायला होता. आपलं गाणं पुढच्या पिढीच्या तोंडी जावं, याला त्याचा विरोध कधीच दिसत नाही.

बरं, गॅप बँडला दिलं ते रास्त होतं असं घटकाभर धरू. मग रांगेतल्या बाकीच्यांचं काय? २०१६ मध्ये कोलाज या बँडतर्फे दावा आला, १९८३ च्या 'यंग गर्ल्स'साठी. २०१७ मध्ये लास्ट्राडा नावाच्या कंपनीचा, झॅप बँडच्या १९८० च्या 'मोअर बाउन्स टू द आउन्स'साठी. त्याच वर्षी द सिक्वेन्स या बायकांच्या रॅप त्रिकुटाने १९७९ च्या 'फंक यू अप'चं नाव पुढे केलं. चौघांचंही ऐकून पाहा, चौघांमध्येही काहीतरी सापडतं. गंमत अशी, की एकाचा दावा दुसऱ्याचा पाया खणतो. १९७९, १९८० आणि १९८३ च्या गाण्यांत तेच घटक असतील, तर ते घटक यांच्यापैकी एकाचेही नव्हेत. शिवाय द सिक्वेन्सचं गाणं निघालं ते शुगर हिल कंपनीतून. त्याच वर्षी त्याच कंपनीने 'रॅपर्स डिलाइट' काढलं होतं, आणि ते शीक या बँडच्या 'गुड टाइम्स'च्या बेसवर न विचारता उभं केलेलं होतं. शीकच्या नाइल रॉजर्सने कायद्याचा बडगा दाखवल्यावर त्याचं आणि त्याचा जोडीदार बर्नार्ड एडवर्ड्सचं नाव गीतकार म्हणून लागलं. हिप हॉपची पहिली मोठी हिटच उसन्या बेसवरची.

आणखी मागे चला. फंकचा पाया घातला जेम्स ब्राउनने, १९६५ ते ६७ च्या सुमारास : पहिल्या मात्रेवर सगळा भार, बाकी सगळी वाद्यं जणू ड्रम असल्यासारखी वाजवायची. त्याच्या 'कोल्ड स्वेट'मधली ब्रासची फेक रचली त्याच्या बँडमधल्या पी वी एलिसने, आणि आपल्याला ती जॅझवादक माइल्स डेव्हिसच्या 'सो व्हॉट'वरून सुचली, असं एलिसच सांगायचा. मग १७ टक्क्यांतला वाटा ब्राउनच्या वारसांना द्यायचा? त्यातला एलिसला? त्यातून माइल्सच्या घरी? ठेक्याचा सातबारा काढायला बसलात तर फेरफारांची नोंद कुठल्या पानावर थांबवणार?

सीमारेषा कुठेतरी आखावी लागतेच, आणि ती याच गाण्यात आखलेली दिसते. ट्रिनिडाड जेम्सची ओळ नेमकी होती. शब्द त्याचे, झोक त्याचा. त्याला पैसे आणि नाव आधीच मिळालं, न भांडता मिळालं. त्याच वर्षी डेफ जॅम कंपनीने त्याच्याशी करार संपवला होता, तेव्हा ते वेळेवरही आलं. १९९० मध्ये रॅपर एमसी हॅमरने 'यू कान्ट टच धिस'साठी फंक गायक रिक जेम्सच्या 'सुपर फ्रीक'चा बेस जसाच्या तसा वापरला. रिक जेम्स कोर्टात गेला, सहगीतकार झाला, आणि त्याच गाण्याने त्याला आयुष्यातला एकमेव ग्रॅमी मिळवून दिला. चोख न्याय! बोट ठेवून दाखवता येईल अशी वस्तू घेतली की मोल द्यावं. पण 'ऐकल्यावर त्यांची आठवण येते' ही वस्तू नव्हे. आठवण येणं हा तर या संगीताचा हेतूच असतो.

यावर म्हणतील, हे बोलणं श्रीमंत कलाकारांच्या सोयीचं आहे, गरीब वादकाला कायद्याचा तेवढाच आधार. इथे मात्र आकडे आणि माणसं समोर ठेवावी लागतील. जगात ज्याचा ठेका बहुधा सर्वांत जास्त वापरला गेला असेल, त्या क्लाइड स्टबलफील्डचं उदाहरण घ्या. जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'मधले ते काही सेकंदांचे ड्रम त्याचे. पब्लिक एनेमी या रॅप गटापासून शेकडो रॅपरांनी ते वापरले. त्यातल्या बऱ्याच जणांनी कायद्याप्रमाणे पैसेही भरले असतील. स्टबलफील्डला त्यातलं काही मिळालं नाही, कारण गाण्यावर गीतकार म्हणून नाव एकट्या जेम्स ब्राउनचं होतं. कर्करोगाच्या उपचारांचं मोठं बिल शेवटी गायक प्रिन्सने भरलं, असं पुढे उघड झालं. 'आमेन ब्रेक' हा तसाच असंख्य गाण्यांत वापरला गेलेला ड्रमचा तुकडा वाजवणारा ग्रेगरी कोलमन २००६ मध्ये बेघर अवस्थेत मेला. हे कायदा नसल्यामुळे घडलं का? कायदा होताच. तो कागदावर नाव असलेल्याला ओळखतो, हातात काठ्या असलेल्याला ओळखत नाही.

आणि कागदावरची नावंही विकली जातात. जॉर्ज क्लिंटनच्या फंकाडेलिक या फंक बँडची गाणी ब्रिजपोर्ट म्युझिक या कंपनीच्या ताब्यात होती, आणि आपले हक्क लुबाडले गेल्याची तक्रार क्लिंटन वर्षानुवर्षं करत आला. याच ब्रिजपोर्टने २००१ मध्ये रॅप गाण्यांवर सुमारे पाचशे दावे एका फटक्यात ठोकले. त्यातल्या एका खटल्यात दोन सेकंदांच्या गिटारच्या तुकड्यावरून २००५ मध्ये अपील न्यायालय म्हणालं, परवाना घ्या नाहीतर सॅम्पल करू नका, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डमधला तुकडा उचलू नका. ब्रिटिश गायक एड शीरनवर मार्विन गेच्या 'लेट्स गेट इट ऑन'वरून खटले झाले तेव्हा दावेदारांत मूळ गाण्याच्या हक्कांचा एक तुकडा विकत घेतलेली गुंतवणूक कंपनीही होती. शीरन ते खटले जिंकला, पण तो एड शीरन होता म्हणून. वकिलांचं बिल न परवडणारा मुलगा चार कॉर्ड बदलेल किंवा टक्के देऊन मोकळा होईल. ठेक्यावर मालकी द्या म्हणणाऱ्यांनी सांगावं, ती मालकी पाच वर्षांनी कुणाकडे असेल?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर मूळ चालीची ओळ छापलेली असते. उसनवारी, पण उजळ माथ्याने. १९११ च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांनी पूरब बाजाच्या, म्हणजे उत्तर हिंदुस्थानी ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या चाली आणल्या आणि मराठी कान कायमचा बदलून गेला. ही सोयही निर्दोष नव्हती, हेही बोललं पाहिजे. पुस्तकात चालीची ओळ छापली गेली, पण ती ज्या बायांच्या बैठकीतून उचलली त्यांची नावं बहुतेकदा नाही, आणि पैसा तर नाहीच. आता १९५१ चा 'अलबेला' घ्या. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर. त्यांना साहाय्य करणारा ट्रंपेटवाला चिक चॉकलेट गोव्यातल्या हळदोण्याचा, लुई आर्मस्ट्राँगच्या वळणावर वाजवणारा. आणि पडद्यावर भगवानदादांचा तो झुलता, खांदे उडवणारा नाच, जो पुढे अमिताभने उचलला आणि तिथून अख्ख्या देशाच्या वरातींनी. भगवानदादांचा जुहूचा बंगला गेला, गाड्या गेल्या, २००२ मध्ये ते दादरच्या चाळीत वारले. त्या नाचावर कॉपीराइट असता तर त्यांचं म्हातारपण सुखात गेलं असतं, असं वाटणं साहजिक आहे. मला तसं वाटत नाही. सावकारांनी बंगल्याबरोबर तो हक्कही नेला असता, आणि आज एखादी कंपनी गणपतीच्या मिरवणुकीला नोटीस पाठवत बसली असती.

मग थकलेलं देणं कसं द्यायचं? एक दार डोळ्यांसमोर आहे आणि त्यावर कुणीच थाप मारत नाही. अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात. गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला एक छदामही मिळत नाही. युरोपातल्या बहुतेक देशांत मिळतो, अमेरिकेत नाही. हे बदलणारी विधेयकं तिथल्या संसदेत पुन्हा पुन्हा येतात आणि रेडिओ कंपन्यांच्या विरोधापुढे पुन्हा पुन्हा अडकतात. म्हणजे तडजोडीनंतर अमेरिकेतल्या हजारो एफएम केंद्रांवर 'अपटाउन फंक' वाजलं, तेव्हा १९७९ च्या गाण्याचा निर्माता लॉनी सिमन्सच्या खात्यावर ३.४ टक्क्यांच्या हिशेबाने पैसे जमा होण्याची सोय झाली. ज्या ब्रासवर लोक नाचले ते प्रत्यक्ष फुंकणाऱ्या ब्रुकलिनच्या वादकांना रेडिओकडून काहीही नाही. हा नियम बदलला तर उद्याच्या स्टबलफील्डला पैसे मिळतील, त्याचा ठेका कुणी पुढे वापरला म्हणून नव्हे, त्याने तो वाजवला म्हणून. त्यासाठी ज्यूरी नको, स्वरलिपीतज्ज्ञ नकोत, आणि दोन गाणी शेजारी लावून ऐकवायचीही गरज नाही.